सतरा वर्षांची मुलगी म्हणतेय माझं नाव छापा. छापायचं का?

शाईचे_ठसे:
नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, पण वाचलात तर मत नक्की द्या. मी फीचर करते, रोजच्या बातम्या नाही, आणि सध्या तरुण मुलांच्या मानसिक आरोग्यावर एक मोठी स्टोरी हातात आहे. त्यात एक मुलगी भेटली, वय सतरा, स्वतःला इजा करून घ्यायची सवय होती त्यातून बरीच बाहेर आलीय, उपचार चालू आहेत, बोलायला एकदम स्पष्ट. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदललेत, त्यामुळे कोण कुठली विचारू नका.) ती म्हणते माझं खरं नाव टाका, फोटो टाका, मला कसलीही लाज वाटत नाही आणि लपवलं तर मी जे बोलतेय त्याला काय अर्थ राहिला. आईचीही हरकत नाही. डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात, तर सगळे खूश आहेत कारण नाव आणि चेहरा असलेली गोष्ट वाचली जाते.

आणि मला मात्र नाव टाकावंसं वाटत नाहीये. कारण असं की आपण संमती घेतो म्हणजे काय करतो, मुलाखत छान झालेली असते, समोरचं माणूस मोकळं झालेलं असतं आणि निघता निघता आपण विचारतो "नाव टाकलं तर चालेल ना?" आणि तो म्हणतो "चालेल". हा होकार त्या दिवसाचा असतो, त्या खोलीतला असतो. बातमी मात्र सर्चमध्ये राहते, ती पंचवीस वर्षांची होईल, कुठे नोकरीला जाईल, कुणाच्या तरी प्रेमात पडेल, आणि प्रत्येक वेळी समोरचा आधी हे वाचून आलेला असेल. सतराव्या वर्षीच्या होकाराने पंचविशीतल्या तिला बांधून टाकायचं का?

दुसरी बाजूही मला दिसतेय. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १६ मुलाच्या खाजगीपणाबद्दल आहे, पण त्याच करारात कलम १२ आहे की मुलाचं मत ऐकलं गेलं पाहिजे आणि वयानुसार, समजेनुसार त्याला वजन दिलं पाहिजे. म्हणजे "तुला कळत नाही, मी ठरवते" असं म्हणून मोकळी होऊ शकत नाही मी. तुम्ही काय केलं असतं?

बित्तंबातमी:
ताई, स्पष्ट बोलतो, मी नाव टाकलं असतं. बरीच वर्षं रिपोर्टिंग केलंय आणि "नाव बदलले आहे" ही ओळ आली की वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते की हे खरं आहे का. आणि ती शंका उगाच नाहीये. १९८० मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये आठ वर्षांच्या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या मुलाची स्टोरी आली होती, ओळख लपवलेली, सोर्सला धोका आहे म्हणून डेस्कनेही खोलात विचारलं नाही, १९८१ मध्ये तिला पुलित्झर हा पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळाला आणि दोन दिवसांत उघड झालं की तो मुलगाच अस्तित्वात नाही. पुरस्कार परत द्यावा लागला. त्या मुलाला शोधायला शहरात पोलीस फिरले होते!

दुसरं म्हणजे, आपणच नाव लपवलं तर त्या मुलीला आपण काय सांगतोय? की तुझ्याबाबतीत झालं ते लपवण्यासारखंच होतं. ती लाज झटकून उभी राहिलीय आणि आपण तिला परत पडद्यामागे ढकलायचं, हे काही मला पटत नाही. मधुमेह झालेल्या मुलाचं नाव आपण बिनधास्त छापतो की.

ऐकणारी:
मी समुपदेशक आहे, या वयाच्या मुलांबरोबरच काम करते म्हणून लिहितेय. बित्तंबातमींचा लाजेचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही, तो खरा आहे. पण एक गोष्ट सांगते, बरं वाटायला लागल्यावर सुरुवातीच्या काळात बऱ्याच मुलांना सगळ्या जगाला सांगावंसं वाटतं, ओझं उतरल्याचा आनंद असतो तो आणि त्यात खोटं काहीच नसतं. पण बरं होणं सरळ रेषेत होत नाही, मध्ये पुन्हा घसरण होऊ शकते, आणि "यातून बाहेर आलेली मुलगी" म्हणून गावभर झालं की घसरल्यावर ते सांगायची चोरी होते. बातमीतल्या स्वतःशीच तिची तुलना सुरू होते. हा धोका सतरा वर्षांच्या मुलीला आधी दिसणं कठीण आहे, तिला अक्कल नाही म्हणून नाही, तो अनुभवच अजून आलेला नाही म्हणून.

म्हणून माझ्या मते "चालेल ना" हा प्रश्न विचारूच नका. नेमकं विचारा. वर्गातल्या ज्या मुलीशी तुझं पटत नाही तिने हे वाचून ग्रुपवर टाकलं तर? आजीला अजून माहीत नाही, तिला शेजारणीकडून कळलं तर? कमेंटमध्ये कुणी लिहिलं की सगळं नाटक आहे, तर तू ते वाचशील का, आणि वाचलंस तर रात्री कुणाला फोन करशील? या प्रश्नांवर ती थांबून विचार करायला लागली तर तो विचार तिला घरी नेऊ द्या, उत्तर लगेच घेऊ नका. आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या व्यक्तीशी तिने हे बोललंय का ते विचारा, तिच्या परवानगीनेच अर्थात.

अजून एक, यात नावाइतकाच महत्त्वाचा आहे तपशील. कशाने इजा केली, कुठे केली, किती, हे काहीही लिहू नका, फोटोत खुणा नकोत. आत्महत्येच्या बातम्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना २००० पासून आहेत, २०२३ मध्ये पुन्हा सुधारल्या, त्यात पद्धतीचं वर्णन टाळा, कारण एकच एक देऊ नका, मदत कुठे मिळेल ते द्या असं आहे, तेच इथेही लागू करा. याने खरंच फरक पडतो. व्हिएन्नात मेट्रोतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या यायच्या, १९८७ मध्ये तिथे पत्रकारांना सूचना दिल्या गेल्या आणि त्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत मेट्रोतल्या आत्महत्या आणि प्रयत्न पहिल्या सहामाहीपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त घटले. आणि उलट बाजूही आहे, २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्याच संशोधकांना दिसलं की अडचणीतून मार्ग काढलेल्या माणसांच्या बातम्यांचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी आहे. याला पापागेनो इफेक्ट म्हणतात. म्हणजे तुमची स्टोरी व्हायलाच हवी. त्यासाठी नाव लागतंच असं नाही.

जुनं_कात्रण:
इथे सहसा फक्त वाचते, आज लिहितेय. मी पंधरा वर्षांची असताना माझ्यावर बातमी आली होती. घरातल्या हिंसेबद्दल होती, नाव आणि फोटोसकट, आणि हो, मी आणि आईने दोघींनी होकार दिला होता. कुठला पेपर ते सांगणार नाही.

मला नावाचा त्रास झाला का? सगळ्यात जास्त नावाचा नाही झाला. मी तासभर बोलले होते, त्यात शाळा, चित्रं, मला पुढे काय करायचंय हे पण होतं. छापून आलं ते फक्त मार खाल्ल्याचं. आणि हेडिंगमध्ये एक वाक्य माझ्या तोंडी होतं जे मी रडताना बोलले होते, बाबांबद्दल, आणि मी ते परत कधीही बोलले नसते. मला कुणी छापायच्या आधी ते वाचून दाखवलं नाही. मी सकाळी उठले आणि ते सगळ्यांनी वाचलेलं होतं. धाकटा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला तर कुणी काहीच विचारलं नव्हतं, पण आडनाव त्याचंही तेच ना, त्याला वर्गात त्यावरून चिडवायचे.

पुढे कॉलेजच्या मुलाखतीला समोरच्या बाईंनी फार मायेने विचारलं "आता घरी ठीक आहे ना?" त्यांचा हेतू चांगलाच होता पण मी तिथे माझ्या चित्रांच्या जोरावर गेले होते. तेव्हा मला कळलं की मी सांगायच्या आधीच लोकांना माझ्याबद्दल माहीत असणार, आणि कुणाला कधी सांगायचं हे आता माझ्या हातात नाही.

त्या पत्रकाराचा परत कधी फोन आला नाही. बातमीनंतर आठवड्याने एक फोन केला असता, कशी आहेस एवढं विचारलं असतं, तरी मला फार बरं वाटलं असतं.

शाईचे_ठसे:
जुनं_कात्रण, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. भावाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता असं नाही, पण मी सगळा विचार त्या मुलीच्या संमतीचाच करत होते. तिच्या गोष्टीत एक मैत्रीण आहे, एक जुना मित्र आहे, वडील आहेत. तिचं नाव छापलं की ते तिघेही आपोआप ओळखू येणार, आणि त्यांच्यातल्या दोघांचं वय तिच्याएवढंच आहे.

कलम_आणि_कायदा:
कायद्याचं थोडक्यात लिहितो, भारतापुरतं. तुमच्या केसमध्ये लैंगिक अत्याचार नाही म्हणताय असं गृहीत धरतो, कारण तो असता तर चर्चाच नव्हती. पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा), २०१२ चं कलम २३ सांगतं की मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही, परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं आणि तीही मुलाच्या हिताची असेल तरच. आईवडील हो म्हणाले याला तिथे किंमत नाही. शिवाय जबाबदारी एकट्या बातमीदारावर नसते, प्रकाशक किंवा मालकही त्यात येतो, हे डेस्कला जरूर सांगा. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ तर फक्त पीडित मुलांपुरतं नाही, कायद्याशी संघर्षात आलेलं मूल, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, साक्षीदार मूल, सगळ्यांना लागू आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात हे अजून घट्ट केलं, नाव न घेता दुरूनही ओळख पटेल असे तपशील नकोत म्हणून.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये कलम २४ आहे, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तुमची मुलगी अठराच्या आतली आहे आणि उपचार चालू आहेत म्हणून तुमच्या माध्यमसंस्थेच्या वकिलाला कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि एक, कायद्यात बसतं म्हणजे छापावंच असं काही नाही, कायदा सांगतो ते किमान असतं.

फोकल_लेंथ:
मी फोटोवाला. सगळे नावावर बोलतायत पण नाव काढून काही लपत नाही हो. चेहरा ब्लर करतात आणि गणवेशाचा बॅज तसाच ठेवतात, मागच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते, हातातलं कडं दिसतं, आणि तोच फोटो तिने स्वतःच्या अकाउंटवर टाकलेला असला की रिव्हर्स सर्चला, म्हणजे फोटोवरून माणूस शोधायला, दोन मिनिटं लागतात. मूळ फाइलमध्ये लोकेशन असतं ते वेगळंच, फाइल जशीच्या तशी कुणाला देऊ नका. व्हिडिओत आवाज बदलत नाहीत किंवा इतका हलका बदलतात की वर्गातली मुलं लगेच ओळखतात. चेहऱ्यावरची हलकी ब्लर मला तरी भरवशाची वाटत नाही, त्यापेक्षा चेहरा मुळात टिपूच नये, पाठमोरं, हात, तिने काढलेलं चित्र, रिकामी खोली असं काहीही चालतं.

आणि तुकडे जोडून ओळख पटते. एका ठिकाणी वय आणि कॉलेजची शाखा, दुसऱ्या ठिकाणी आईचा पेशा, तिसऱ्या चॅनेलवर परिसर, प्रत्येकाला वाटतं आपण तर काहीच सांगितलं नाही. ब्रिटनमध्ये पत्रकार याला जिगसॉ म्हणतात. आपली कॉपी एकटी वाचून उपयोग नाही, बाकी कुठे काय आलंय ते समोर ठेवून वाचायची. टोपणनाव देताना पण बघा, तिच्याच वर्गात त्या नावाची दुसरी मुलगी निघाली तर त्या बिचारीच्या मागे लागतील लोक.

बित्तंबातमी:
जुनं_कात्रण, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. हेडिंग बातमीदार देत नाही, डेस्क देतं, पण तुमच्या दृष्टीने तो फरक काय कामाचा, हे कळतंय.

एका गोष्टीवर मात्र माझं अजून अडलंय. सोर्सला कॉपी दाखवायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय आणि त्याला कारण आहे. उद्या नेता म्हणेल मला पण दाखवा. शिवाय संवेदनशीलतेच्या नावाखाली तपासणीच सोडून दिली की काय होतं तेही पाहिलंय, २०१४ मध्ये रोलिंग स्टोनने एका विद्यापीठातल्या बलात्काराची स्टोरी छापली, पीडितेला त्रास नको म्हणून तिच्या मित्रांशी बोललेच नाहीत, आरोप असलेल्यापर्यंत पोचले नाहीत, आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण स्टोरी मागे घ्यावी लागली. कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाने त्यावर सविस्तर अहवाल दिला. त्याचा फटका कुणाला बसला, खऱ्या पीडितांना. मग सांगा आता.

ऐकणारी:
पण दादा, नेता आणि सतरा वर्षांची मुलगी एकाच रांगेत कसे? नेत्याकडे सत्ता आहे, प्रवक्ता आहे, तो उद्या प्रेस घेऊन खुलासा करेल. ती काय करणार? आणि तपासणी आणि काळजी यांचं भांडण आहे असं मला तरी वाटत नाही. तिला आधीच सांगायचं की मी तुझ्या आईशी बोलेन, कागद बघेन, तारखा जुळवेन, कारण उद्या कुणी तुला खोटं ठरवायला नको. मुलांना हे पटतं. न सांगता मागून विचारपूस केली की मात्र ती दुखावतात.

शाईचे_ठसे:
मी यात मधला रस्ता वापरते. पूर्ण कॉपी हातात देत नाही, पण तिच्या तोंडची सगळी वाक्यं आणि तिच्या आयुष्याबद्दलचे सगळे परिच्छेद शांतपणे बसून वाचून दाखवते, हेडिंगसकट. चूक असेल तर दुरुस्त होते, आणि "हे मी बोलले पण हे नको" असं म्हणाली तर काढते. बातमीचा निष्कर्ष, तज्ज्ञांचे कोट, संस्थांवरची टीका यात तिला हात लावता येत नाही. आणि छापायला जाईपर्यंत माघार घ्यायची मुभा, कारण न विचारता. डेस्कला हे आवडत नाही कारण पान मोकळं राहायची भीती असते, म्हणून पर्यायी मजकूर तयार ठेवावा लागतो, काम वाढतं. वाढू दे.

खडू_फळा:
शिक्षक आहे. आईच्या संमतीबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहितो. पालक हो म्हणाले की आपण निर्धास्त होतो, पण पालकांची स्वतःची गरज असू शकते, कुणाला समाजाला काही दाखवून द्यायचं असतं, कुणाला उपचाराच्या खर्चाला मदत मिळेल अशी आशा असते, कुणाचं नवऱ्याशी भांडण चालू असतं. त्यांना दोष देत नाही मी, पण मुलाला एकट्याला भेटून विचारायला हवं, आई बाहेर बसलेली असताना. आणि उलटही, मूल तयार आणि पालक नाही, तेव्हा नाही म्हणजे नाही. ब्रिटनच्या संपादकांच्या आचारसंहितेत सोळाखालच्या मुलाला त्याच्या हिताशी संबंधित विषयावर पालकांच्या संमतीशिवाय मुलाखतीला बसवायचं नाही असं आहे, आणि शाळेच्या परवानगीशिवाय शाळेत विद्यार्थ्यांना गाठायचंही नाही. गेटवर माईक घेऊन उभे राहणाऱ्यांनी हे वाचावं. वर्गमित्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रडणाऱ्या मुलांच्या तोंडासमोर माईक धरलेला मी बघितलाय, त्या मुलांना नाही म्हणता येतं हेच माहीत नव्हतं.

बित्तंबातमी:
गेटवरच्या माईकबद्दल शंभर टक्के सहमत, ते बंदच झालं पाहिजे.

ठीक, वाचून दाखवायला माझी हरकत नाही, मुलं असतील तर. नावाबद्दल अजून पूर्ण पटलं नाही पण एक विचारतो ताई. समजा ती अठरा पूर्ण झाली, तेव्हाही तिचा आग्रह कायम राहिला, तर?

शाईचे_ठसे:
तर मी छापेन. वाढदिवसाला जादू होते म्हणून नाही, पण मध्ये काही महिने गेलेले असतील, तिने ऐकणारी यांच्या प्रश्नांवर विचार केलेला असेल, आणि तेव्हा ती स्वतःच्या नावाने स्वतः लेखही लिहू शकेल, जो मला जास्त आवडेल कारण मग कुठलं वाक्य हेडिंगला जातं ते तिच्या हातात असेल. आज नाव न छापल्याने ती वाट बंद होत नाही. नाव आज छापलं तर मात्र मागे जाता येत नाही.

युनिसेफच्या सूचनांमध्ये एक आहे जी मी कायम लक्षात ठेवते, मुलाला धोका आहे की नाही याबद्दल शंका असेल तर त्या एका मुलाची बातमी करू नका, मुलांच्या एकूण परिस्थितीवर करा, बातमी कितीही मोठी असली तरी. इथे मला स्टोरी सोडायची गरज वाटत नाही, पण नावाबाबत शंका आहे आणि शंकेचा फायदा तिला.

काल तिच्याशी बोलले. "तुझं चुकलं म्हणून लपवतेय असं नाही, तुझ्या पुढच्या वर्षांसाठी जागा ठेवतेय" असं सांगितलं. तिला आधी राग आला, आणि तो मला रास्त वाटला. मग मी विचारलं की मैत्रिणीचं आणि त्या मित्राचं काय, त्यांना तू विचारलंस का? त्यावर ती गप्प झाली आणि म्हणाली त्यांना नाही विचारलं. टोपणनाव तिने स्वतः निवडलंय, वर्गात त्या नावाचं कुणी नाही हे तपासून. वडिलांबद्दलचा परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, काढली.

जुनं_कात्रण:
तुम्ही तिला विचारलंत हेच खूप आहे. माझा एक प्रश्न, आमच्यासारख्यांचं काय, ज्यांचं छापून झालंय? मी त्या पेपरला एकदा मेल केला होता, उत्तर आलं नाही.

कलम_आणि_कायदा:
पुन्हा करा, या वेळी संपादकांच्या नावाने, आणि नुसतं "काढा" म्हणू नका. पर्याय द्या, नाव काढून फक्त वय ठेवा, फोटो काढा, किंवा बातमी राहू द्या पण सर्च इंजिनला दिसू नये असं करा. संग्रह पुसायला संपादक सहसा तयार नसतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण यातलं काहीतरी बहुतेक मान्य होऊ शकतं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका न्यूज साइटने २०१८ पासून आणि बोस्टन ग्लोबने २०२१ पासून जुन्या बातम्यांबद्दलचे असे अर्ज तपासायला सुरुवात केलीय, तिकडे ते मुख्यतः किरकोळ गुन्ह्यांच्या बातम्यांसाठी आहे, पण मेलमध्ये उदाहरण म्हणून देता येईल. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात तर मिटवण्याच्या हक्काबद्दल बोलताना लहानपणी दिलेल्या संमतीचा वेगळा उल्लेख आहे, पत्रकारितेला सूट असली तरी विचार कुठल्या दिशेने चाललाय ते त्यातून कळतं. मसुदा करायला मदत हवी असेल तर मला व्यक्तिगत निरोप टाका.

जुनं_कात्रण:
टाकते. भावाला पण विचारते, या वेळी त्याचंही म्हणणं त्यात असायला हवं.